मधुवंतीच्या नावाचं घड्याळ

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच मुंबईहून गुरुदत्त कामतांचा फोन. सगळ्या शाखांचा संगणक विभाग त्यांच्या हाताखाली आहे. आवाज अगदी शांत होता, म्हणजे राग खरा होता.

विषय गेटवरच्या पानाचा. आमच्या खिदिरपूरच्या कंटेनर यार्डाच्या गेटवर संगणकावर एक वेबपान दिवसभर उघडं असतं. त्यात ट्रेलरचा नंबर टाकला की आत जायचा पास निघतो. महिनाभर ते पान अडखळतं आहे. नंबर टाकायचा आणि बघत बसायचं. तोवर मागे ट्रेलरांची रांग रस्त्यापर्यंत, तिथून पोलिसांची शिट्टी आणि मग पोलिसांचा मुंबईला फोन.

कामत म्हणाले, अंदाज नको, मोजून द्या. पानामागे चालणाऱ्या स्क्रिप्टचा कुठला भाग किती वेळ खातो ते कळलं की मी काय ते ठरवतो. फोन ठेवता ठेवता म्हणाले की जानेवारीत पुण्यात एक जागा रिकामी होते आहे, आणि तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे.

पुण्याहून आमचं गाव मोटारीने दुपारपर्यंत गाठता येतं. इथे बंगालात अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी माझी बायको शैला स्वयंपाकघरात उभी राहून रडायची, ते मी विसरलेलो नाही. तिच्यासाठी तरी ही बदली व्हावी. रोज सकाळी पूजेत तेवढंच एक मागतो.

घरी येऊन सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि डाळ ढवळत राहिली. इतक्या वेळा आशा लावून झाली आहे की आता तिचा विश्वासच बसत नसेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

घड्याळं लावून झाली.

काम सोपं आहे. जावास्क्रिप्टच्या ज्या भागाचा वेळ मोजायचा त्याच्या आधी एक ओळ टाकायची, घड्याळ सुरू. भाग संपला की दुसरी ओळ, घड्याळ बंद. पान चाललं की आकडा आपोआप उमटतो. एकापेक्षा जास्त घड्याळं असली तर प्रत्येकाला नाव द्यावं लागतं, म्हणजे कुठलं कुठलं ते कळतं.

पानाचे तीन मोठे भाग. नंबर तपासायचा भाग माझा. सर्व्हरकडून माहिती आणायचा भाग तन्मयचा. आलेली माहिती ओळी-ओळींनी पडद्यावर मांडायचा भाग मधुवंतीचा. लांबलचक नावं द्यायचा कंटाळा आला. जो भाग ज्याने लिहिला त्याचंच नाव घड्याळाला दिलं. श्याम, तन्मय, मधुवंती. वाचायला सोपं.

तन्मयने मागून येऊन पाहिलं आणि म्हणाला, "श्यामदा, शर्यत लावली की काय? मी हरलो तर बायकोला सांगू नका." अनीशदा, म्हणजे आमच्या शाखेचे साहेब, तेही हसले. मधुवंती फोनवर होती.

गेटवरच्या संगणकावरचे आकडे माझ्या टेबलावर येतील अशी सोय करून ठेवली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

एकादशी. मधुवंतीला माझे उपास कसे लक्षात राहतात कोण जाणे. सकाळी टेबलावर दोन पेरू आणि केळी ठेवून गेली. इथल्या मीठ-मिरचीच्या पुडीसकट. पुडीवर "सैंधव" असं लिहिलंही होतं, म्हणजे मला शंका नको.

आकडे आले. माझं घड्याळ डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तन्मयचं थोडं जास्त, पण चालण्यासारखं. मधुवंतीचं नऊ सेकंद, कधी अकरा. रांग लागते त्या संध्याकाळच्या वेळचेच आकडे मी घेतले.

माझ्या टेबलावर तेच पान उघडून पाहिलं. तिथे तिचाही भाग झटकन झाला. पण माझा संगणक नवा आहे, गेटवरचा जुना. ते कारण पुरेसं वाटलं.

कामतांना पडद्याचं चित्र जसंच्या तसं पाठवलं. खाली एक ओळ लिहिली की विलंब मांडणीच्या भागात आहे. मोजून दिलं, अंदाज केला नाही, याचं समाधान वाटलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आलो तर शैलाने कपाट घेतलं होतं. सागाचं, जड. चार माणसांनी वर आणलं म्हणे. जानेवारीत सामान बांधायचं तर आता कपाट कशाला, म्हणालो. ती म्हणाली, बेहाल्याच्या बाजारात चांगलं मिळालं. मला हा हिशोब कळत नाही. कदाचित पुण्यात महाग पडेल म्हणून असेल.

नूपुर कपाटाला टेकून कोणाशी तरी बंगालीत बोलत होती. मला पाहून मराठीत म्हणाली, "बाबा, आईने भाव पाडला ना, तो दुकानदार एकदम चुप झाला." चुप झाला नव्हे, गप्प झाला, असं मी सांगितलं. ती गप्प झाली.

३ डिसेंबर, मंगळवार

मन ठिकाणावर नाही.

दुपारी अनीशदांनी मधुवंतीला आत बोलावलं. ती कंत्राटावर आहे. दर वर्षी डिसेंबरअखेर कंत्राट संपतं आणि पुढच्या वर्षाचं मिळतं, सहा वर्षं असंच चाललं आहे. या वेळी मुंबईहून आलं की नूतनीकरण नाही. तिचा भाग बाहेरच्या लोकांकडून नव्याने लिहून घेणार.

ती बाहेर आली, टेबलाशी बसली, संध्याकाळपर्यंत काम केलं. रोजच्यासारखं. तिची आई आणि ती गार्डन रीचला राहतात, इथून एका ऑटोच्या अंतरावर. आईला एकटं ठेवून लांब जाता येत नाही, म्हणून तिने सॉल्ट लेकच्या दोन नोकऱ्या सोडल्या होत्या, हे मला तन्मयकडून माहीत होतं.

अनीशदांना विचारलं तेव्हा त्यांनी मला कामतांचा मेल दाखवला. माझंच चित्र त्यात जोडलेलं होतं. मधुवंती, नऊ सेकंद. कामतांनी तिच्या नावाभोवती लाल गोल काढला होता.

मी भागाचा वेळ मोजला होता. पण चित्रात भाग कुठे दिसत होता? नाव दिसत होतं.

तरीही आकडा खरा आहे, असं अनीशदा म्हणाले.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शैलाने घट मांडला. आपल्याकडच्यासारख्या पाच प्रकारच्या डहाळ्या इथे एकत्र मिळायच्या नाहीत, पण यंदा खालच्या मजल्यावरच्या मीनादींनी सगळ्या आणून दिल्या. त्यांच्याकडेही गुरुवार लक्ष्मीचाच. संध्याकाळी इमारतीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. शैला त्यांची बौदी, म्हणजे वहिनी. "शैलाबौदी, पुढच्या वर्षी दुर्गापूजेच्या समितीत तुमचं नाव टाकलंय, आता पळायचं नाही," असं मीनादी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. शैलाही हसली. पाहुण्यांपुढे आणखी काय करणार बिचारी.

मी देवीपुढे बसलो, पण मनात बदलीचं येईना. नऊ सेकंद, कधी अकरा, हेच येत होतं. आणि माझ्या टेबलावर झटकन.

जुना संगणक म्हणावा तर जुना तिन्ही भागांना जुना. माझा भाग तिथेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतो. मग तिच्या एकटीच्या भागालाच एवढं म्हातारपण कसं?

हे मला २६ तारखेला का सुचलं नाही? कारण उत्तर हातात आलं होतं.

९ डिसेंबर, सोमवार

अनीशदांना सांगून दिवसभर गेटवर जाऊन बसलो. गेटची खोली म्हणजे एक खिडकी, एक पंखा, एक संगणक आणि ट्रेलरांचा धूर.

सकाळी पान छान पळत होतं. मधुवंतीचं घड्याळ माझ्या घड्याळाइतकंच. मला वाटलं, आज काही बिघडणार नाही आणि मी वेडा ठरणार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक सेकंद झाला. चहाच्या वेळेला चार. उन्हं कलली तेव्हा नऊ. बाहेर एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून म्हणाला, "बाबू, पास निघतो की मी इथेच घर बांधू?"

काम तेच, नंबर तेच, यार्डातले कंटेनरही साधारण तेवढेच. वाढत होता फक्त वेळ. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा सकाळसारखं पळू लागलं.

म्हणजे पान दिवसभर उघडं राहिलं की त्यात काहीतरी साठत जातं. गेटवाले सकाळी उघडलेलं पान रात्री संगणक बंद होईपर्यंत बंद करतच नाहीत, कारण उघडायला दर वेळी साहेबांचा पासवर्ड लागतो. माझ्या टेबलावर मी उघडून लगेच बंद करत होतो. तिथे साठायला वेळच मिळत नव्हता.

काय साठतं ते उद्या.

१० डिसेंबर, मंगळवार

सापडलं. सापडलं तेव्हा मी गेटच्या खोलीत एकटाच हसलो, आणि मग हसू गेलं.

ब्राउझरमध्ये पानाच्या पोटात काय काय आहे ते उघडून बघता येतं. बघितलं तर ओळीमागून ओळ फुलं. शिउलीची, म्हणजे आपल्या पारिजातकाची. हजारो. पडद्यावर एकही दिसत नव्हतं.

दुर्गापूजेच्या दिवसांत अनीशदांच्या सांगण्यावरून तन्मयने पानावर देवीचं चित्र आणि वरून पडणारी शिउलीची फुलं घातली होती. गेटवरचे लोकसुद्धा मोबाइलवर फोटो काढत होते. दशमी झाली. त्या दिवशी देवीचं विसर्जन, तेव्हा चित्र आणि फुलं काढून टाकायची होती, म्हणजे कोडातून पुसायची होती. पण अनीशदा म्हणाले होते, मा'ला, म्हणजे देवीला, पुसायचं नाही, नुसतं झाका. तन्मयने झाकलं. फुलांचं पडणं थांबवलं, पण नवं फूल तयार व्हायचं थांबवायला तो विसरला. पडलेलं फूल खाली पोचलं की नाहीसं व्हायचं. आता पडतच नाही, तर नाहीसंही होत नाही. दिवसभर न दिसणारी फुलं वर जमत राहतात.

आणि मधुवंतीचा भाग? ती ओळी मांडताना ब्राउझरला विचारते की ही ओळ किती उंच आहे. तेवढं सांगण्यासाठी ब्राउझर पानावरचं सगळं काही पुन्हा मांडून बघतो, झाकलेलंसुद्धा. प्रत्येक ओळीला हजारो फुलं. माझा भाग असं काही विचारत नाही, तन्मयचाही नाही. म्हणून फुलांचा सगळा भार तिच्या घड्याळावर पडला. दाराशी जो उभा असतो त्यालाच लोक म्हणतात, वाट अडवलीस.

खात्री करायला फुलं बाजूला काढून पुन्हा मोजलं. तिचं घड्याळ तिघांत सगळ्यात कमी. तिचं काम तिघांत सगळ्यात नेटकं आहे हे कोड वाचूनच कळलं असतं. मी कोड वाचला नव्हता, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना ओळी टाकल्या होत्या.

११ डिसेंबर, बुधवार

आज पुन्हा एकादशी. टेबलावर काही नव्हतं. ते बरोबरच आहे.

अनीशदांना सगळं दाखवलं. तन्मयलाही बोलावलं. तन्मयचा चेहरा उतरला. मी म्हणालो, कुणाचं नाव घेऊन काही होणार नाही, तो प्रकार माझा करून झाला आहे. अनीशदांनी पडद्यावरची यादी खालपर्यंत सरकवत पाहिली. मग म्हणाले, "श्यामदा, आम्ही मा'ला पाठवलंच नाही. दशमी झाली आणि आम्ही तिला पडद्यामागे कोंडून ठेवलं."

त्यांनी तन्मयला खाली पाठवून संदेश ही मिठाई आणवली. मला म्हणाले, तुम्ही नियमाने देवाचं करणारे, तुम्ही पुसा. मी नाही म्हणालो. ज्याने बसवलं त्यानेच निरोप द्यावा. मग त्यांनी चपला काढल्या, स्वतः खुर्चीवर बसून त्या ओळी निवडल्या, हात जोडले, आणि "आश्चे बछोर आबार होबे" असं हळू म्हणून कळ दाबली. पुढच्या वर्षी पुन्हा. आपण गणपतीला म्हणतो तेच. तन्मयने तोंडाने ढाक, म्हणजे इथला पूजेतला ढोल, वाजवला, तेव्हा त्यांनी त्याला दटावलं आणि मग स्वतःच हसले.

मधुवंती आपल्या टेबलावरून हे सगळं पाहत होती. मी तिच्याकडे गेलो, काय झालं होतं ते सांगितलं, माझं चुकलं म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मुंबईला लिहिलंत का, एवढंच विचारलं. नाही म्हणालो. ती पुन्हा कामाला लागली.

१२ डिसेंबर, गुरुवार

कामतांना लिहिलं. माझा आधीचा अहवाल चुकीचा होता, आकडे बरोबर होते पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा, आणि घड्याळांना माणसांची नावं देणं ही माझी चूक. नवे आकडे जोडले. घड्याळांची नावं बदलून तपासणी, आणणे, मांडणी अशी केली. मेल पाठवायला सकाळ गेली. पुण्याची जागा डोळ्यांपुढे येत होती, आणि शैला. अर्धा तास मी कर्सर नुसता बघत बसलो हे इथे लिहून ठेवतो.

दुपारी त्यांचा फोन आला.

"श्यामराव, पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच पाठवलंत ना हे? मोजून?"

हो म्हणालो.

"मग मी त्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवायचा होता की आता ठेवू?"

मी म्हणालो, माझ्यावर नको. पान उघडं ठेवा आणि संध्याकाळी स्वतः पाहा.

त्यांनी पानाचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाले, बघतो. पुण्याच्या जागेसाठी अचूक माणूस हवा आहे, ते आता पुढच्या वर्षी बघू. हे त्यांनी अगदी सभ्यपणे सांगितलं. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच म्हणालो असतो.

घरी शैलाला सांगितलं की बदली होत नाही. ती म्हणाली, बरं, हातपाय धुऊन घ्या, आज दुसरा गुरुवार आहे. पुरण घातलं होतं. दुःख झाकायला माणूस गोड करतो, असं वाटून मी एक पोळी जास्त खाल्ली.

१८ डिसेंबर, बुधवार

मुंबईहून आलं. मधुवंतीचं कंत्राट एक वर्षाने वाढलं. कामतांनी आठवडाभर गेटचं पान आपल्या पडद्यावर उघडं ठेवलं होतं म्हणे. मेलमध्ये माझ्याबद्दल काही नव्हतं, तिच्याबद्दलही नव्हतं. फक्त कंत्राटाचा कागद.

अनीशदांनी तिला बोलावून सांगितलं. तन्मयने खालून मिष्टी दोई, म्हणजे इथलं गोड दही, आणली. ती माझ्या टेबलाशी मडकं ठेवायला आली आणि उभी राहिली. मला वाटलं, मिटलं. तसं नव्हतं.

"दादा, एक विचारू? तुम्ही घड्याळ लावलंत, आकडे आणलेत, मुंबईला पाठवलेत. मी तुमच्या पाठीमागच्या टेबलावर बसते. खुर्ची वळवून मला का नाही विचारलंत?"

आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, मला वाटलं विचारलं तर तू आपली बाजू सांगशील, मोजलं तर खरं कळेल.

"माझी बाजूच तर सांगितली असती," ती म्हणाली. "संध्याकाळी हळू होतं, सकाळी होत नाही, हे मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. दोनदा अनीशदांना सांगितलं. मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

ती गेल्यावर दही तसंच राहिलं. घरी येताना ऑटोत बसून मी माणसं आठवत होतो, ज्यांच्याकडे पाठ करून मी त्यांच्या मनातलं गृहीत धरून चालत आलो. यादी लांब नव्हती. पहिलंच नाव घरातलं होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

तिसरा गुरुवार. बायका येऊन गेल्या. नूपुर खाली मीनादींकडे गेली. शैला ताटं आवरत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं, "तुला पुण्याला जायचं होतं का?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"अकरा वर्षांत आज विचारताय."

मी म्हणालो, पहिल्या वर्षी तू रडायचीस.

"पहिल्या वर्षी रडायचे. मग रडणं संपलं, ते तुम्ही पाहिलं नाही. मला इथे चार माणसं आहेत हो. नूपुरच्या मैत्रिणी आहेत. तिकडे आता माझं कोण आहे? सासू-सासरे गेले, आई गेली. तुमचं गाव आहे, ते खरं."

मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही रोज देवापाशी बदली मागायचात. मला ऐकू यायचं. एका घरातून देवाकडे दोन उलट मागण्या कशा पाठवायच्या? म्हणून मी काही मागितलं नाही. कपाट घेतलं."

मला हसू आलं आणि तिलाही. मग ती ताटं घासायला लागली आणि मी पुसून त्या सागाच्या कपाटात ठेवत गेलो. कुठलं कुठल्या कप्प्यात जातं ते मला माहीत नव्हतं. दर वेळी विचारलं.